घर कोणी शाकारले? : चाळ, घरकुल आणि मराठी साहित्यातला गैरहजर गवंडी

१

शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, ही गोष्ट आता मराठी वाचकाला नवी नाही. २०१५ साली पंजाबातल्या घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा तिची बरीच उजळणी झाली. या पदांपैकी सोरठ रागातल्या एका पदाची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा झालेली नाही. त्यात शेजारीण नामदेवांना विचारते की, तुझे छप्पर कोणी शाकारले? त्या सुताराचा पत्ता दे, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात की हा सुतार पैशाने येत नाही, त्याची मजुरी प्रेमाची आहे. उत्तरेतल्या भक्तचरित्रांत या पदाभोवती कथा रचली गेली : नामदेवांचे घर आगीत गेले आणि देवाने स्वतः येऊन ते पुन्हा उभारून दिले.

मी नरसी नामदेवचा. कयाधू नदीच्या काठावरचे, हिंगोली तालुक्यातले हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. जन्मस्थान नेमके कोणते, या वादात मला येथे शिरायचे नाही. मला रस आहे तो शेजारणीच्या प्रश्नात. या पदाचे विवेचन करणारे बहुतेक सगळे नामदेवांच्या उत्तराकडे धावतात, कारण अध्यात्म उत्तरात आहे. शेजारणीच्या प्रश्नात व्यवहार आहे. घर कोण बांधते, किती मजुरीत, आणि मला तसे मिळेल का? गेली सव्वाशे वर्षे हा प्रश्न मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला, मग गृहनिर्माण मंडळाला, मग म्हाडाला विचारला जातो आहे. आणि गेली काही वर्षे आमच्या गल्लीत तो पंचायत समितीला विचारला जातो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. मराठी साहित्याने चाळ आणि झोपडपट्टी भरभरून लिहिली. समीक्षेने त्या लेखनातली माणसे वाचली, बोली वाचली, विनोद आणि विद्रोह वाचला. परंतु ती घरे ज्या संस्थांनी बांधली, पाडली, मोजली आणि वाटली, त्या संस्था आपण वाचल्या नाहीत. मीही वाचल्या नाहीत, हे आधीच कबूल करतो. त्याचे एक कारण तिसऱ्या भागात येईल.

२

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. त्या साथीतून १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा जन्म झाला. दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची आणि उठवलेल्या गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधायची, असे त्याचे काम होते. नागपाडा ही पहिल्या योजनांपैकी एक. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते ट्रस्टचेच. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी माणसे उठवली तितक्यांना घरे दिली नाहीत, आणि उठलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरून तिथली दाटी वाढवत गेली. इतिहासकारांनी हे पुरेसे दाखवून दिले आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' (१९७२) ज्या परिसराचा आहे, तो या नागपाड्याला लागून आहे. शहराच्या सुधारणेची पहिली आखणी जिथे झाली, त्याच्या उंबरठ्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी हा संग्रह आला. 'गोलपीठा'वर आजवर इतके लिहिले गेले, पण या शेजाराकडे कोणी बोट दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही.

ट्रस्टने दुसरीही कामे केली. परळला चाळी बांधल्या आणि दादर-माटुंगा येथे मध्यमवर्गासाठी मोकळ्या प्लॉटांच्या वसाहती आखल्या. या दोन्ही कामांचे मोजमाप एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२च्या सुमारास परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला आले आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथल्या दोन खोल्यांत राहिले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. ही कॉलनीही ट्रस्टच्याच आखणीतली. म्हणजे एकाच संस्थेने एकाच शहरात एका वर्गासाठी खोली मोजली आणि दुसऱ्यासाठी प्लॉट. या दोन मापांमधले अंतर ओलांडायला बाबासाहेबांना कोलंबिया, लंडन आणि वीस वर्षे लागली.

चरित्रकार या चाळीचे वर्णन करतात ते बहुधा बाबासाहेबांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी म्हणून : रात्रीचा दिवा, पुस्तकांचे ढीग, बाहेरचा गोंगाट. त्याच दोन खोल्यांत रमाबाईंनी संसार केला, मुले वाढवली, त्यांतली काही गमावली. राजगृहात त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. आज महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी जी घरकुल योजना आहे, तिला रमाई आवास योजना असे नाव आहे. आमच्या तालुक्यात कितीतरी भिंतींवर हे नाव रंगवलेले दिसते. रमाबाईंचे घर कसे होते, त्यात चूल कुठे होती, पाणी कुठून आणावे लागे, बाळंतपण कुठल्या कोपऱ्यात झाले, हे प्रश्न चरित्रवाङ्मयाने मध्यभागी आणले असते, तर त्या नावाच्या घरकुलाचा आराखडा काढताना काही फरक पडला असता का? हा माझा भाबडेपणा असेल. पण समीक्षेने निदान प्रश्न तरी नोंदवायला हवा.

३

पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) ही मराठीतली सर्वांत लाडकी चाळ. तिच्याविषयी मी फार वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात निबंध वाचला होता. 'एक चिंतन' या अखेरच्या प्रकरणाला मी त्यात 'हरवलेल्या समूहजीवनाचे शोकगीत' म्हटले होते. टाळ्या मिळाल्या. पुढे हेच प्रकरण मी वर्गात शिकवत असे, आणि शिकवताना माझा गळा दाटून येई. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, संडास गॅलरीच्या टोकाला होते ना? मग हे चिंतन बाईनं लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं का?"

मी त्या दिवशी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र राहिला. नंतर पुस्तक पुन्हा वाचले, तेव्हा 'शोकगीत' हा माझाच शब्द मला अपुरा वाटला. पुलंच्या पुस्तकात शोकापेक्षा पुष्कळ अधिक आहे. 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरण आपण संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन म्हणून हसत वाचतो, आणि ते तसे आहेच. परंतु त्या प्रकरणातला झगडा खरा आहे. बिऱ्हाडकरूंना हवी आहे ती चाळीची गच्ची, म्हणजे मोकळी, सगळ्यांची, कोणाच्याच खोलीच्या मापात न येणारी जागा. गृहनिर्माणाच्या कुठल्याही हिशेबात जी जागा सर्वांत आधी कापली जाते, नेमक्या त्या जागेसाठी चाळीने आंदोलन केले. पुलंनी हा प्रश्न विनोदात ठेवला. समीक्षेने तो तिथून काढून घेतला नाही.

या विनोदाच्या मागे एक कायदाही उभा आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला निर्धास्तपणा मिळाला, तो मोलाचा होता. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९च्या कायद्याने दुरुस्ती उपकर आला आणि दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. या उपकराखाली तेव्हा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. पुढे १९७६च्या कायद्याने ही वेगवेगळी मंडळे एकत्र आणण्याचे ठरले आणि डिसेंबर १९७७ मध्ये म्हाडा अस्तित्वात आली. पुलंच्या चाळीतली सगळी मजा या गोठलेल्या भाड्यावर उभी आहे. भाडे बाजारभावाने वाढत गेले असते तर ती बिऱ्हाडे एकत्र राहिलीच नसती, आणि पुस्तकाला माणसे मिळाली नसती. म्हणून 'समूहजीवन' हा शब्द मी आता जपून वापरतो. त्या जीवनाला स्वभावाइतकाच एक कायदा कारण होता, आणि त्याची किंमत कुठल्या तरी तुळईने, कुठल्या तरी जिन्याने मोजली.

४

मुंबईच्या गव्हर्नरपदी सर जॉर्ज लॉइड असताना, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला भाडे परवडेना म्हणून अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही वापर झाला. घर म्हणून बांधलेली इमारत इतक्या सहज तुरुंग होऊ शकते, यावरून तिच्या आखणीविषयी काय ते समजावे.

या योजनेच्या पैशाची एक बाजू आमच्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. मुंबईत येणाऱ्या कच्च्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून त्या उत्पन्नाचा आधार या कामाला दिला गेला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यातली कापसाची मोठी पेठ होती. आमच्या काळ्या मातीतल्या कापसाच्या काही गाठींवर तरी तो रुपया बसला असणार, असा तर्क करायला हरकत नाही. बीडीडी चाळीत मराठवाड्याचे भाडेकरू कमीच. कोकणी आणि घाटावरची माणसे तिथे राहिली. पण त्या भिंतींत आमच्याकडचाही थोडा कापूस आहे.

जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरच्या जगात घडते. वडील गेले आहेत. आई, मुलगे, मुलगी आणि जावई यांचा सारा संघर्ष एका खोलीत चालतो. समीक्षेने याला कामगारवर्गाच्या विघटनाचे नाटक म्हटले, ते योग्यच आहे. पण रंगमंचावर सतत दिसणाऱ्या त्या खोलीला आपण 'नेपथ्य' म्हणून सोडून दिले. बाहेर गिरण्यांच्या जमिनीचे काय होत होते? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद होती की गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यावी. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त मोकळ्या तुकड्याची झाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. नाटक १९९७चे, म्हणजे या दोन नियमांच्या अधेमधे लिहिलेले. 'अधांतर' या शब्दाला माणसांच्या अवस्थेइतकाच जमिनीचाही अर्थ आहे, असे मला आता वाटते.

जून २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठीच्या ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्जदार लाखाहून अधिक होते. 'सोडत' हा शब्द नीट पाहा. ज्या जमिनीवर माणसाने आयुष्य घातले, तिच्यावरचे घर त्याला हक्काच्या यादीतून मिळाले नाही, चिठ्ठीतून मिळाले. शेजारीण दुप्पट मजुरी द्यायला तयार होती. इथे मजुरी आधीच देऊन झालेली होती.

म्हाडाला एकाच पारड्यात तोलणे मात्र अन्याय होईल. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात, तेही पैसे न देता. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मिळालेले हे एक खरे उत्तर आहे : घरातल्या घरात संडास. चाळीच्या आठवणींनी हळवे होणाऱ्या समीक्षकाने आधी या दाराशी उभे राहावे आणि मग बोलावे. गॅलरी गेली, हे खरे. पण गॅलरीच्या टोकाला पहाटे रांग लावणाऱ्या बाईला तिची आठवण किती गोड असेल, हे तिलाच विचारले पाहिजे.

५

झोपडपट्टीची कथा वेगळी आहे. जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) या कादंबऱ्यांनी मध्यमवर्गीय वाचकाला खाडीच्या चिखलात नेले. 'चक्र'वर रवींद्र धर्मराज यांनी केलेल्या चित्रपटात (१९८१) शेवटी बुलडोझर येतो. त्या काळी लेखकाच्या कल्पनेत शासन झोपडपट्टीपर्यंत पोचते ते या एकाच रूपात. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि रूप बदलले. बुलडोझरच्या मागोमाग आता बिल्डर आला. झोपडीधारकाला मोफत घर, बिल्डरला विक्रीसाठी वाढीव चटईक्षेत्र. घराचे माप आधी २२५ चौरस फूट, पुढे २६९, आता ३००.

इथे एक तपशील मला थांबवतो. २६९ चौरस फूट म्हणजे २५ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) खालच्या घरकुलाचे किमान मापही २५ चौरस मीटरच आहे. मुंबईच्या सातव्या मजल्यावर जो आकडा, तोच नरसीच्या गल्लीत. एका ठिकाणी जमीन सोन्याच्या भावाची, माणूस दिवसभर कामावर. दुसऱ्या ठिकाणी दाराशी शेळी, घरात चार पोती सोयाबीन, आणि माणसाचे निम्मे आयुष्य ओसरीवर.

६

मराठवाड्याने घरांच्या सरकारी मापाचा सर्वांत मोठा प्रयोग पाहिला तो किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठे पुनर्वसन झाले, पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. ते काम प्रचंड होते आणि आवश्यक होते. घर किती द्यायचे, हे मात्र जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. ढिगाऱ्याखाली सगळे सारखे होते, पण नव्या गावात पूर्वीची उतरंड सिमेंटमध्ये पक्की झाली. रस्ते काटकोनात, घरे सुटी सुटी. जुन्या गल्लीतली ढाळज, जिथे बसून येणाराजाणारा दिसे, ती या आखणीत बसली नाही.

आमच्याकडे घर चौरस फुटांत मोजत नसत. खणांत मोजत. तुळईपासून तुळईपर्यंत एक खण. पाच खणांचे घर, सात खणांचे घर. खण मोजताना लाकूड किती, भार किती, हे आपोआप मोजले जाई. किल्लारीनंतर माळवदाची भीती बसली, आणि ती रास्त आहे. पण माळवदाबरोबर मोजण्याची ती भाषाही गेली. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या संताच्या गावाला माप म्हणजे अंगाला बसणारे माप, हे निराळे सांगायला नको.

माझ्या चुलतीचे पाच खणांचे माळवद दोन वर्षांपूर्वी पाडले. काकू विधवा, घर त्यांच्या नावावर, यादीत नाव आले. मूळ अनुदान १ लाख २० हजार, हप्त्याहप्त्याने मिळणारे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढला जातो आणि मग पुढचा हप्ता. मधला एक हप्ता अडकला. कचेरीत खेटे मी घातले. काकूंनी दोन पावसाळे टिनाच्या शेडमध्ये काढले. गवंडी, वाळू, सळई यांचा भाव अनुदानाची वाट पाहत थांबत नाही. शहरात संस्था घर बांधते आणि राहणाऱ्याला विचारत नाही. गावात संस्था पैसे देते आणि बांधण्याचा सगळा भार राहणाऱ्यावर टाकते. कागदावर याला 'लाभार्थ्याचा सहभाग' म्हणतात. सत्तरीतल्या बाईला तो सहभाग वाळूवाल्याच्या दारात उभे राहून द्यावा लागला.

मी त्यांना आराखड्याचा कागद समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "ते समदं खरं. पाहुणे आले तर बसवायचे कुठं, ते कागदात कुठं लिवलंय, बघ बरं."

कागदात ते कुठेच नव्हते. पुलंच्या चाळीने गच्ची मागितली होती. काकू ओसरी मागत होत्या. दोन्ही मागण्यांमध्ये साठपासष्ट वर्षे आणि सहाशे किलोमीटरचे अंतर आहे, पण मागणी एकच आहे. हे मला निबंध लिहिताना कळले नव्हते, टिनाच्या शेडमध्ये बसून कळले.

७

निष्कर्ष मोठा नाही. घरांविषयीचे मराठी लेखन आपण पुन्हा वाचावे, आणि वाचताना तीन साधे प्रश्न हाताशी ठेवावेत : हे घर कोणी बांधले, कोणत्या मापाने, आणि राहणाऱ्याला कोणी विचारले का? या प्रश्नांनी 'बटाट्याची चाळ' कमी विनोदी होत नाही, 'अधांतर'ची धार बोथट होत नाही. उलट इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अहवाल, भाडेनियंत्रण कायदा आणि म्हाडाची सोडत यांनाही साहित्याच्या वाचनात जागा मिळते. आणि ज्यांनी घरांविषयी लिहिलेच नाही, त्या बायकांची गैरहजेरी दिसू लागते.

नामदेवांच्या पदातली प्रेमाची मजुरी कुठल्याही महामंडळाच्या अंदाजपत्रकात बसणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. शेजारणीचा प्रश्न मात्र अंदाजपत्रकाचाच आहे. तिला उत्तर मिळाले ते भक्तीचे. तिच्या डोक्यावरच्या छपराचे पुढे काय झाले, ते पदात नाही.

काकूंचे घर या उन्हाळ्यात पुरे झाले. शेवटच्या हप्त्याचा फोटो निघाल्यावर त्यांनी गवंड्याला स्वतःच्या गाठीचे पैसे दिले आणि दाराबाहेर दोन हात रुंदीचा ओटा काढून घेतला. तो २६९ फुटांत धरलेला नाही. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिथेच बसतात. त्यांतल्या एकीचे नाव पुढच्या यादीत आहे, आणि ती काकूंना गवंड्याचा नंबर विचारत होती.